हिंगणमळ्याचं पाणी

“पण सर, चालू परीक्षेत मशीनच बंद पाडायचं, हा कुठला न्याय?”

मुजावर सर तुरीच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग त्यांनी सावकाश उकलली. दाणे पातेल्यात गेले, टरफल परातीत.

“मशीन किती होती?”

“पाच.”

“आणि बंद किती पाडली?”

“एक.”

“मग चार होती की.”

पुण्याहून मिरजेपर्यंतच्या प्रवासात तेजलने हे गाऱ्हाणं मनात नीट रचून आणलं होतं. ते चार शब्दांत संपेल असं तिला वाटलं नव्हतं.

तेजल हेरवाडे मूळची इचलकरंजीची, नोकरीला पुण्यात. वर्गात पहिली, कॉलेजात पहिली, कंपनीत सगळ्यांच्या आधी बढती. एकच काम अनेक मशीनवर वाटून करणारे प्रोग्राम लिहिणं हा तिचा धंदा. वापरणाऱ्याला वाटावं की सगळं एकाच ठिकाणी चाललंय, आणि मागे मात्र पाच ठिकाणची पाच मशीन एकमेकांना निरोप धाडत असतात. या कामाची एक मोठी परीक्षा असते. पहिल्या दिवशी लेखी, दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. लेखीत तेजल तिच्या केंद्रावर पहिली आली. प्रात्यक्षिकाला तिने पाच मशीनवर प्रोग्राम चालू केला, परीक्षकांनी न सांगता त्यातलं एक बंद केलं, आणि उरलेली चार जागच्या जागी थिजली. कारण बाकीची सगळी ज्या एका मशीनला विचारून चालायची, नेमकं तेच बंद पडलं होतं.

नापास. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याहून झोंबलं ते वेगळंच. तिच्याच हाताखाली काम करणारा निहार त्याच परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला. आणि मुजावर सरांचं नाव तिला सुचवलं तेही निहारनेच. “ताई, एकदा मिरजेला जाऊन या,” एवढंच तो म्हणाला होता. ती आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली आणि मग रजा टाकून निघाली. दुसऱ्यांदा नापास झालं तर वर्षभर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि कंपनीतलं नवं मोठं काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

दस्तगीर मुजावर हे इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. मशीन एकमेकांशी बोलायला लागली त्या काळापासून ते हा विषय शिकवत होते. आता घराच्या सोप्यावर बसायचे, जो येईल त्याला शिकवायचे. फी विचारली की घरात बोट दाखवायचे. “चाचीला विचारा.” आणि चाची विचारायच्या, “जेवलास का?”

“सर, मला पुस्तकं नकोत,” तेजल म्हणाली. “पुस्तकं झालीत सगळी.”

“दिसतंय.”

“मला फक्त प्रात्यक्षिकाची तयारी हवी आहे.”

सरांनी आणखी एक शेंग उचलली. तिच्यात दाणाच नव्हता. ती त्यांनी तरीही परातीत न टाकता बाजूला ठेवली.

“हिंगणमळ्याला पाणी पाजावं लागेल,” ते म्हणाले.

*

हिंगणमळा हे मिरजेपासून तासाभरावरचं गाव. मधून ओढा. ओढ्याकाठी विहीर, विहिरीवर मोटरघर. अलीकडच्या घरांना एक टाकी, पलीकडच्या घरांना दुसरी. मोटरघरात एक छोटं मशीन आणि दोन्ही टाक्यांपाशी एकेक. तिघं मोबाईलच्या रेंजवरून एकमेकांशी बोलतात. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद, आणि ठरलेल्या वेळेला टाकीचा व्हॉल्व्ह उघडून नळाला पाणी. हे सगळं सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गावाला बसवून दिलं होतं. तेव्हापासून सरांचा नियम होता: परीक्षेला बसायचं असेल त्याने आधी स्वतःचा प्रोग्राम लिहायचा आणि त्यावर एक दिवस गावाला पाणी द्यायचं. गावालाही त्याची सवय झाली होती. अनोळखी पोरगा-पोरगी लॅपटॉप घेऊन मोटरघरात शिरली की बायका दोन घागरी आधीच भरून ठेवायच्या.

“तीनच मशीन?” तेजलला हसू आलं. “पुण्यात मी शंभरावर चालवते, सर.”

“मग सोपं जाईल.”

तिने सोप्यावर बसूनच प्रोग्राम लिहिला. लिहिताना तिचा फोन सारखा वाजत होता. ऑफिसमधली माणसं. ही फाईल पाठवू का, ते बदलू का, ग्राहकाला हो म्हणू का. ती एका हाताने लिहायची आणि दुसऱ्या हाताने उत्तरं द्यायची.

“रजेवर आहेस ना?” सरांनी विचारलं.

“आहे. पण मला विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही.” तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार होती, पण तिच्याखाली सुखच होतं.

“वारा सुटला तरी?”

तेजलने वर पाहिलं. सर शेंगांकडेच बघत होते...

दिवस मावळायच्या आधी चाचींनी तिला आत हाक मारली. तेजल जैन घरातली, सूर्यास्तानंतर जेवायची नाही, कांदा-लसूण खायची नाही. हे तिने सांगितलं नव्हतं. आडनाव ऐकूनच चाचींनी वेगळं पातेलं चुलीवर चढवलं होतं. तुरीच्या दाण्यांची आमटी, गरम भात, वर तूप.

“ते सरळ बोलत नाहीत गं कधी,” चाची वाढताना म्हणाल्या. “लग्नाला हो म्हणायलासुद्धा त्यांनी महिना लावला. मी दुसऱ्या दिवशीच शालू निवडला होता.”

“उत्तर आलं नसताना?”

“नाही म्हणायचं असतं तर तेवढा वेळ लागला नसता.”

तेजल खळखळून हसली. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना.

*

सकाळच्या पहिल्या एसटीने ती हिंगणमळ्याला पोचली. सर म्हणाले, मी मागून येतो. मोटरघरात तिने आपला प्रोग्राम तिन्ही मशीनवर चढवला. तिची रचना स्वच्छ होती. मोटरघरातलं मशीन मुख्य. ते टाक्यांना विचारणार, टाक्या उत्तर देणार, आणि काय करायचं ते मुख्य मशीन ठरवणार. टाक्यांनी स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. गोंधळ नको.

मोटर सुरू झाली. अलीकडची टाकी भरली. पलीकडची भरत आली. पडद्यावर हिरव्या ओळी एकाखाली एक उमटत होत्या. तेजलने पाय लांब केले. विहिरीवर एक खंड्या येऊन बसला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. तिच्या फोनच्या कंपनीची रेंज इथे नव्हती, मशीनची तेवढी होती. ऑफिसात काय चाललं असेल हे बघायला तिचा हात अधूनमधून फोनकडे जायचा, पण समोर सगळं हिरवं होतं.

मग एक ओळ पिवळी झाली. पलीकडच्या टाकीने उत्तर दिलं नाही. मशीनने पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर नाही. तिसऱ्यांदाही नाही. तेव्हा प्रोग्रामने तेच केलं जे तेजलने त्याला शिकवलं होतं. टाकीला मेलेली ठरवलं, यादीतून काढलं आणि उरलेलं काम पुढे चालू ठेवलं.

अलीकडच्या नळांना वेळेवर पाणी सुटलं. तेजलला बरं वाटलं. एक बंद पडलं, तरी काम थांबलं नाही. परीक्षेत हेच तर हवं होतं!

थोड्या वेळाने मोटरघराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, धाप लागलेली. पलीकडच्या आळीतल्या अक्काताई मगदूम.

“अहो बाई, आमच्याकडं पाणी सोडायचं न्हाई का आज?”

“तुमची टाकी मेली आहे,” तेजल पडद्यावरची ओळ वाचत म्हणाली.

अक्काताईंनी गालावर हात ठेवला. “मेली? अगं बया! आत्ता तिच्या सावलीला टेकून आले की मी. घरात नातीचं बारसं हाय, पाव्हणं आल्यात, डाळ शिजायची हाय, आणि तुमी सकाळी सकाळी मेली काय म्हणताय!”

तेजल उठली. ओढ्यावरच्या साकवावरून धावत पलीकडे गेली. अक्काताई मागून.

टाकी उभी होती. मशीनचा दिवा लुकलुकत होता. सगळं जागच्या जागी. दोष असेल तर एवढाच की सकाळी रेंज थोडा वेळ गेली होती. आता ती परतही आली होती. तेजलने मशीनला लॅपटॉप जोडला.

पडदाभर एकच ओळ होती, वरपासून खालपर्यंत.

भरली आहे. सोडू का?

भरली आहे. सोडू का?

भरली आहे. सोडू का?

टाकी काठोकाठ भरलेली, खाली नळ कोरडे, आणि मशीन परवानगीची वाट बघत बसलेलं. त्याचे निरोप मोटरघरात पोचतही होते. पण मोटरघराच्या लेखी ते मेलं होतं. आणि मेलेल्याचं ऐकायचं नाही, हे तेजलनेच लिहिलं होतं.

ती त्या ओळींकडे बघत राहिली. रोज सकाळी तिच्या फोनवर अशाच ओळी असायच्या...

“व्हय, पाणी हाय का न्हाई आत?” अक्काताईंनी विचारलं.

“आहे.”

“मग सोडा की!”

“थांबा. मी मोटरघरात जाऊन तिथून...”

तेवढ्यात साकवावरून मुजावर सर येताना दिसले. डोक्यावर छत्री, चाल नेहमीचीच. एसटीतून उतरून ते रमतगमत आले असावेत. अक्काताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. सरांनी टाकीकडे पाहिलं, तेजलकडे पाहिलं, छत्री मिटून भिंतीला टेकवली. मग पायरी चढून व्हॉल्व्हच्या चाकाला दोन्ही हात घातले आणि ते फिरवलं.

पाइपात आधी हवेचा सुस्कारा, मग धाडकन पाणी. खालच्या आळीत कुणीतरी ओरडलं, “आलं!” अक्काताई घराकडे पळाल्या.

“सर, आधी मोटरघराला कळवायला हवं ना...”

“कळव की.”

तेजलने फोन काढला. त्याला इथेही रेंज नव्हती.

“लागत नाही.”

“मग?”

पाणी चालू होतं.

तेजल टाकीच्या कट्ट्यावर बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. आली ती लाज, आणि लाजेच्या मागोमाग एक विचित्र हलकेपणा. डोक्यावर बांधून आणलेलं गाठोडं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा.

“परत लिहिते,” ती म्हणाली.

सर हिंगणाच्या झाडाखाली उपरणं पसरून आडवे झाले.

*

दुपारभर ती टाकीच्या सावलीत बसून लिहीत होती. आता मोटरघर मुख्य नव्हतं. कुणीच मुख्य नव्हतं. प्रत्येक टाकीने आपला व्हॉल्व्ह आपल्या वेळेला स्वतःच उघडायचा, आणि मग जमेल तेव्हा इतरांना सांगायचं. गप्प झालेल्याला मेलेला म्हणायचं नाही. तो पुन्हा बोलला की जिथे होता तिथून पुढे.

मधूनच तिला अडायचं. मग ती झाडाकडे बघून विचारायची. सर डोळे मिटूनच उत्तर द्यायचे.

“सर, प्रत्येकाने आपापलं ठरवलं तर चुका होतील.”

“होतील.”

“मग?”

“एक चुकेल तेव्हा तिच्यामुळे दुसरी चुकू नये, एवढं बघ.”

पुन्हा बोटांचा टकटकाट. पुन्हा थांबणं.

“उत्तर आलं नाही म्हणून टाकी पुन्हा निरोप पाठवणार. तोच निरोप दोनदा पोचला तर? मोटर दोनदा भरायला लागेल.”

“दोनदा अंघोळ केली म्हणून कोणी दोनदा स्वच्छ होतो का?”

तेजलने जरा विचार केला. ‘एवढं पाणी टाक’ हा निरोप तिने खोडला. त्याजागी ‘इथवर भर’ असं लिहिलं. आता तो निरोप दहा वेळा आला तरी टाकी तेवढीच भरणार होती. तिला स्वतःशीच हसू आलं. हे सगळं तिने लेखीत लिहिलं होतं, पानंच्या पानं, आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

शेवटचा प्रश्न तिने बऱ्याच वेळाने विचारला.

“सर, समोरचा गप्प झाला तर तो बंद पडलाय की नुसता उशीर लागतोय, हे कसं ओळखायचं?”

यावेळी सरांनी डोळे उघडले. फांद्यांतून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत राहिले...

“ओळखता येत नाही.”

“परीक्षेत असंच लिहू?”

“लिही. मार्क मिळतात.”

“आणि प्रोग्राममध्ये?”

“तिथे लिहू नकोस. तिथे तसं वाग.”

*

ऊन कलल्यावर अक्काताईंचा मुलगा बोलवायला आला. नाही म्हणायची सोयच नव्हती. ओसरीत पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि आत एवढीशी पोरगी मुठी आवळून झोपली होती. पाण्याचं सकाळचं रामायण एव्हाना घरोघर पोचलं होतं. बायका तेजलकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या.

“ह्याच त्या,” अक्काताईंनी ओळख करून दिली. “टाकीला मारणाऱ्या.”

सगळी ओसरी हसली. तेजलही हसली. पुण्यात कोणी असं म्हटलं असतं तर तिने दोन दिवस तोंड पाहिलं नसतं. इथे तिला पाळण्याशेजारी बसवण्यात आलं. आत्याने बाळाच्या कानात ‘रेवा’ असं नाव सांगितलं, बायकांनी “कुर्रर्र” केलं आणि आत्याच्या पाठीत गुद्दे घातले. एक गुद्दा तेजलनेही घातला. चांगला सणसणीत बसला. आत्या “आई गं” म्हणाली, आणि ओसरी पुन्हा हसली.

निघताना अक्काताईंनी सरांच्या उपरण्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या बांधून दिल्या.

“सांजचं पाणी येईल न्हवं?” त्यांनी हळूच तेजलला विचारलं.

“येईल,” तेजल म्हणाली. आणि मग, “बहुतेक.”

“सकाळपेक्षा हे बरं बोललासा,” अक्काताई म्हणाल्या.

मोटरघरात दोघं परतली तेव्हा संध्याकाळच्या पाण्याची वेळ होत आली होती. तेजलने नवा प्रोग्राम चालू केला. तिन्ही ओळी हिरव्या. ती पडद्यासमोर बसणार, तोच सरांनी हात लांब करून मशीनची वायर भिंतीतून उपटली.

पडदा काळा झाला.

“सर!”

तिचा हात आपसूक वायरकडे गेला.

“ओंजळ कर,” सर म्हणाले.

“काय?”

“ओंजळ.”

तिने दोन्ही हात जुळवून पुढे केले. सरांनी उपरण्याची गाठ सोडली आणि तिची ओंजळ घुगऱ्यांनी शिगोशीग भरली. एक दाणाही खाली सांडला नाही.

“चल, बाहेर बसू.”

मोटरघराच्या पायरीवर दोघं बसली. तेजलचे दोन्ही हात भरलेले. फोनला हात लावता येईना, मशीनला हात लावता येईना, घड्याळही मनगटाच्या उलट्या बाजूला. आत मोटर बंद, मशीन बंद. ओढ्यापलीकडे टाकी नुसती उभी.

ती वाट बघत बसली. हे तिला येत नव्हतं. काही चुकलं तर धावत जाऊन दुरुस्त करणं तिला येत होतं. काही चुकायच्या आधी जाऊन विचारणं त्याहून चांगलं येत होतं. हात भरलेले ठेवून नुसतं बसणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. प्रोग्राममधली एकेक ओळ तिने मनात पुन्हा वाचली. मग वाचायलाही काही उरलं नाही.

ओढ्यावरून गार वारा येऊ लागला...

आधी अलीकडच्या आळीतून घागरीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही. तेजलने कान टवकारले. मग ओढ्यापलीकडून, वाऱ्यावर, बादल्यांचा खणखणाट आणि कुणाची तरी पोराला हाक, “आलं रं, पाइप लाव!”

कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

सर उठले, आत गेले, वायर परत लावली. मशीन जागं झालं. दोन्ही टाक्यांनी आपापली पातळी पुन्हा सांगितली, आणि मोटर जिथे थांबली होती तिथून पुढे चालू झाली. सर बाहेर येऊन पुन्हा शेजारी बसले.

“खा,” ते म्हणाले.

“हात मोकळे नाहीत, सर.”

“म्हणूनच भरले.”

तेजलने मान खाली घालून ओंजळीतच तोंड घातलं आणि घुगऱ्या खाल्ल्या. लहान मूल खातं तशा. खारट, मऊ, अजून कोमट होत्या. सूर्य अजून हातभर वर होता. तिला एकाच वेळी फार बरं वाटत होतं आणि थोडं पोरकंही.

“सर,” ती म्हणाली, “मशीन आपलं आपण चालणार. पाणी आपलं आपण येणार. मग मी इथे कशाला आहे?”

“घुगऱ्या खायला.”

*

परतीच्या एसटीत मिरज जवळ आली तशी फोनला रेंज आली. तेजलने धसक्यानेच पडदा पाहिला. दिवसभराचे शंभरेक निरोप असतील असं तिला वाटलं होतं. सकाळचे मोजकेच होते. त्यानंतर एकच, निहारचा. ‘ताई, तुमचा फोन लागत नव्हता. ग्राहकाला आज उत्तर द्यायचं होतं, म्हणून आम्ही बसून ठरवलं आणि दिलं. बरोबर असेल ना?’

खाली त्यांनी काय ठरवलं ते होतं. तेजलने वाचलं. तिने वेगळं ठरवलं असतं. तिने भराभर लिहायला घेतलं, हे असं का केलं, ते तसं का नाही केलं. परिच्छेदभर लिहून झाल्यावर ती थांबली. खिडकीबाहेर उसाचे तुरे मागे पळत होते. तिने लिहिलेलं सगळं पुसलं, आणि एकच अक्षर लिहून पाठवलं.

“काय लिहिलंस?” शेजारी बसलेल्या सरांनी विचारलं.

“‘हो’. एवढंच.”

सरांनी मान डोलावली आणि ते पेंगायला लागले.

*

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि एका रविवारी तेजल पेढे घेऊन मिरजेला आली. तुरीचा हंगाम संपला होता. सर सोप्यावर बसून चिंचा फोडत होते.

“पास झाले, सर.”

“लेखीला किती?”

“मागच्यापेक्षा कमी. एका प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं, तर परीक्षकाला ते पटलं नाही.”

“पटेल कधीतरी.” सरांनी चिंचोका बाजूला केला. “आणि प्रात्यक्षिक?”

“त्यांनी मशीन बंद पाडलं. यावेळी दोन.”

“मग?”

“मी खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी परीक्षकांनीच विचारलं, तुम्हाला काही करायचं नाही का? म्हटलं, करून झालंय.”

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की नुसतीच चिंचेची आंबट चव, ते तेजलला कळलं नाही.

“नवं काम मिळालं का?” चाचींनी आतून विचारलं.

“मिळालं, चाची. मी त्याचे दोन भाग केले. एक निहारकडे दिला. त्यात मी बघत नाही.”

“बघावंसं वाटतं?” सरांनी विचारलं.

“रोज.”

सरांनी पेढा उचलला आणि अर्धा मोडून तिच्या हातावर ठेवला.

जेवणं झाली. ऊन उतरायच्या आत निघायला हवं होतं. चाचींनी डब्यात चिंचेचं सार भरून दिलं, वर दोन वेळा झाकण दाबून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन रिक्षाही थांबवून आल्या. तेजल वाकून दोघांच्या पाया पडली. चाचींनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली.

“पोचलीस की फोन कर गं,” त्या म्हणाल्या. “नाहीतर जिवाला घोर लागतो.”

“करते, चाची.”

रिक्षा घुरघुरत होती. तेजल आत बसली. सर फाटकापर्यंत आले, रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले...

“तेजल.”

“सर?”

“पोचलीस की कळवू नकोस.”